मशीन बिघडलंय, असं सांग

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक दारातच एक वाक्य बोलतं, "मी कायपन केलेलं न्हाय, आपोआप झालं." पाणी विचारायच्या आधी हे वाक्य येतं. इतकी वर्षं ऐकतोय, त्यामुळे आता मी नुसती मान हलवतो आणि पिशवी खाली ठेवतो. आपोआप काही होत नाही हे मला माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं. पण गेल्या गेल्या माणसाला खोटं पाडलं की पुढचं काम होत नाही, म्हणून मी गप्प बसतो.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा आहे. आधी मी नव्या मुंबईत एका कंपनीत हेच काम करायचो. वडील थकले, भाताची शेती बघायला कुणी नव्हतं, म्हणून गावी आलो. आता शेतीही बघतो आणि हेही बघतो, आणि दोन्हीकडे कंबर दुखते. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं की धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण मी दमलोय, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे लिहिताना मध्येच सूर पडला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या किनाऱ्यावर कॉम्प्युटर लवकर म्हातारे होतात. खारी हवा आत शिरते आणि तांब्या-पितळेचं जे काही असेल त्याला हिरवं करून टाकते. निम्म्या वेळा माझी दुरुस्ती म्हणजे आतली एक पट्टी बाहेर काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि पुन्हा बसवायची. मशीन चालू होतं. समोरचा माणूस खोडरबराकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि याला पैसे कशाचे द्यायचे हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. बाकी पालीची अंडी, मुंग्यांची वारुळं, एकदा तर आख्खी सुपारी मी कॉम्प्युटरच्या डब्यातून काढलेली आहे.

पण गंजलेलं दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. खरा त्रास पडद्यावरच्या वागण्याचा. ज्यांनी मोबाइलपलीकडे काही वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे एक टेबल समजा. त्यावर उघडलेलं प्रत्येक काम म्हणजे एक कागद, त्याला विंडो म्हणतात. एका वेळी चार-पाच विंडो उघड्या असतात. त्यातली वर कुठली राहणार, तुम्ही टाइप केलेलं कुठल्या विंडोत उमटणार, विंडो ओढून कडेला नेली तर ती अर्धा पडदा व्यापणार की आहे तेवढीच राहणार, या सगळ्याचे नियम ठरलेले असतात. हे नियम कुठेतरी लांब बसलेल्या माणसांनी ठरवलेले आहेत. त्यांच्या हाताला जे सोपं, ते सगळ्यांच्या हाताला सोपं, असा त्यांचा समज असतो. नियम बदलता येतात, पण ते बदलायचं ठिकाण सापडणं कठीण. ते माहीत असणं हाच माझा धंदा, बाकी हमाली.

नागावच्या एका होमस्टेवाल्याचा एकदा फोन आला. "बुकिंगची विंडो हरवली," म्हणाला. "उघडते, आवाज पन येतो, पन दिसत न्हाय." फोनवर समजावून झालं, पण त्याला काही जमेना. शेवटी मी दिघीहून फेरीबोटीत मोटारसायकल घातली, आगरदांड्याला उतरलो आणि मुरूड, रेवदंडा करत नागावला पोचलो. तर भानगड अशी की त्याच्या एका कॉम्प्युटरला दोन पडदे होते, एक त्याला आणि एक पाहुण्यांना फोटो दाखवायला. त्यातला दुसरा पडदा त्याने काढून मेहुण्याला देऊन टाकला होता. मशीनला हे कुणी सांगितलं नव्हतं. ते बिचारं बुकिंगची विंडो अजूनही त्या दुसऱ्या पडद्यावर उघडत होतं. मी दोन बटणं दाबून ती ओढून आणली. होमस्टेवाला म्हणाला, "येवड्यासाटी आलात व्हय?" मला पण तेच वाटत होतं.

बोर्लीतल्याच एका औषधवाल्याच्या मशीनवर असा नियम लागला होता की माउसचा बाण ज्या विंडोवर जाईल त्याच विंडोत टाइप होणार. क्लिक करायची गरजच नाही. पैशांचा खण उघडला की माउसची वायर ओढली जायची, बाण उडी मारायचा आणि बिलावर लिहायचं नाव भलत्याच ठिकाणी उमटायचं. त्याच्या खोकल्याच्या औषधाच्या साठ्याच्या यादीत गावातली निम्मी माणसं जमा झाली होती. मी नियम बदलायला बसलो तर म्हणाला, नको, सवय झालीय, वायर तेवढी वरून घ्या. मी वायर वरून घेतली.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण संपादकांचा फोन आल्यापासून मला आठवतायत त्या कासारेबाईच. नाव मी बदललंय, आणि हे सगळं लिहितोय ते त्यांना विचारूनच.

बाई आमच्या पट्ट्यातल्या एका हायस्कुलात क्लार्क होत्या. मी त्याच शाळेत शिकलो. माझा शाळा सोडल्याचा दाखला बाईंनीच टाइप केलेला, तेव्हा त्या नुकत्या लागल्या होत्या आणि ऑफिसात टाइपरायटर होता. मधल्या सुट्टीत आम्ही पोरं ऑफिसच्या खिडकीशी उभे राहून नुसता त्यांचा वेग बघायचो. त्या बौद्धवाडीतल्या, वाडीतून सरकारी पगारावर लागलेली पहिली बाई. वागायला कडक. कागदावर खाडाखोड दिसली की कागद परत. पुढे शाळेत कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तरी बाईंसमोर उभा राहिलो की मला आपण गृहपाठ विसरलोय असं वाटायचं.

त्यांना निवृत्त व्हायला तीनेक वर्षं राहिली असतील तेव्हा त्यांनी बोलावलं.

"नरेश, पडद्यावरचं सगळं गायब होतं. एकच विंडो राहते, बाकीच्या पळून जातात."

"कधी होतं असं?"

"ते काय सांगून होतं?"

मी बसलो. बराच वेळ काम करून बघितलं, विंडो उघडल्या, मिटल्या, काहीही झालं नाही. हे आमच्या धंद्यात नेहमीचंच आहे, मी समोर असलो की मशीन गुणी बाळासारखं वागतं. तरी संशय नको म्हणून सगळं पुसून नव्याने टाकलं. थोड्या दिवसांनी पुन्हा फोन आला. पुन्हा तेच, विंडो पळाल्या.

तोवर ही गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर गेली होती. हेडमास्तर जगताप सर घाटावरचे, आवाज असा की त्यांना माइकची गरज पडत नसे. व्हरांड्यातूनच म्हणाले, "काय रे नरेश, दुरुस्त करायला येतोस का बिघडवायला?" मी हसलो. तेव्हा हसू यायचं.

या खेपेला मी बाईंना म्हटलं, "तुम्ही बसा, नेहमीसारखं काम करा. मी मागे उभा राहतो."

"नको, मी उठते. तू बघ."

"मी बघतो तेव्हा होत नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसल्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मला वाटलं हात दुखत असेल. निकालाचा तक्ता उघडा होता, तो बाजूला करून मागची यादी बघायची होती. विंडो सरकवायची तर तिच्या माथ्यावरची पट्टी माउसने धरून ओढावी लागते. बाईंनी पट्टी धरली, ओढायला लागल्या, आणि त्यांचा हात थरथरला. पट्टी डावी-उजवी, डावी-उजवी हलली, आणि बाकीच्या सगळ्या विंडो झटक्यात खाली गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरमध्ये अशी एक सोय असते की एखादी विंडो पट्टीला धरून जोरात हलवली की बाकीच्या सगळ्या विंडो मिटून खाली जातात. टेबलावर पसारा फार झाला तर एका झटक्यात आवरावा, यासाठी ती सोय. फारशी कुणाला माहीत नसते आणि कुणी वापरतही नाही. मशीनची काहीच चूक नव्हती. बाई मुद्दाम हलवतायत असं समजून ते मुकाट्याने पसारा आवरत होतं.

शिपाई दत्तारामकाका दाराशी स्टुलावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, जरा चहा सांगता का?" ते गेल्यावर मी बाईंना ही सोय समजावून सांगितली.

"मी मुद्दाम हलवत नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई."

पंखा फिरत होता. बाईंनी हात पदराखाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या की अलिबागला दाखवलंय, औषध चालू आहे, हा आजार बरा व्हायचा नाही, सावकाश वाढत जाईल. नाव सांगितलं, ते मी लिहीत नाही. "शाळेत कुणाला ठाऊक नाही. आणि होऊ द्यायचंही नाही. मला माझी वर्षं याच टेबलावर पुरी करायची आहेत. कुणी बाजूला बसवून नको आणि कुणी माझं काम करून नको."

"मी हे बंद करतो, आता विंडो पळणार नाहीत. पण सर विचारतील काय झालं होतं. त्यांना काय सांगू?"

"मशीन बिघडलंय, असं सांग."

मी तसं सांगितलं.

मेकॅनिकला हे वाक्य फार जड जातं. धडधाकट मशीनला खराब म्हणायचं, तेही आपणच सांभाळत असलेल्या. पण एवढंसं तर खोटं आहे, एकदाच बोलायचंय, असं वाटलं. एकदाच कुठलं! हात थांबणारा नव्हता. दर दोन-चार महिन्यांनी नवीन काहीतरी निघायचं, मी जायचो आणि पडद्याचा एकेक नियम सैल करायचो. विंडो कडेला गेली की आपोआप अर्धा पडदा व्यापायची, ते बंद केलं. बाणाचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला. दोनदा क्लिक करायचं तर मशीन त्यासाठी पापणी लवेल एवढाच वेळ देतं, तो वाढवला. एकच अक्षर लागोपाठ दोनदा दाबलं गेलं तर दुसरं सोडून द्यायचं, असं कीबोर्डला सांगितलं. अलिबागचे डॉक्टर बाईंचा आजार कशावर मोजत होते कोण जाणे. मी दोन क्लिकमधल्या अंतरावर मोजत होतो, आणि ते वाढवताना दर वेळी मला वाईट वाटायचं. बाई काही विचारायच्या नाहीत. माउस फिरवून बघायच्या आणि "जमतंय" म्हणायच्या.

काम सावकाश व्हायचं, हे खरं. बाई शाळेची घंटा व्हायच्या कितीतरी आधी येऊन बसायच्या. तरी एखादा दाखला दुसऱ्या दिवशीवर जायचा, पालक कुरकुर करायचे आणि जगताप सर व्हरांड्यातून गर्जायचे, "त्या नरेशला बोलवा! मशीन आहे का आजारी म्हैस?" मी जायचो, मान खाली घालून ऐकायचो, आत जाऊन नियम सैल करायचो आणि घरी यायचो.

मग दहावीच्या गुणांचा तो दिवस आला. वर्गातल्या तोंडी परीक्षांचे आणि प्रकल्पांचे गुण शाळेने बोर्डाकडे ऑनलाइन पाठवायचे असतात, त्याची शेवटची तारीख होती. गुण बाईंनी आधीच भरून एका फोल्डरमध्ये ठेवले होते आणि सकाळी तो फोल्डरच जागेवर नव्हता. मी पोचलो तेव्हा ऑफिसात जगताप सर होते, गणिताचे मास्तर होते, आणि नेमके त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्षही आले होते. बाई टेबलामागे उभ्या होत्या, हात पदराखाली. चेहरा इतका पांढरा पडलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. वर्षभराचं पोरांचं काम, आणि ते बाईंच्या टेबलावरून हरवलं, असं आख्ख्या गावाने म्हटलं असतं.

मी बसलो आणि शोधलं. "स्नेहसंमेलन फोटो" नावाच्या फोल्डरच्या आत तो दहावीचा फोल्डर सुखरूप पडला होता. कसं झालं ते मला लगेच कळलं. बाईंनी फोल्डरवर क्लिक केलं, बोट खाली असतानाच हात थरथरला आणि मशीन समजलं की यांना हा उचलून शेजारच्यात टाकायचाय. मी तो जागेवर ठेवला, बाईंनी गुण पाठवले. मग मी मशीनमध्ये खोल जाऊन एक आकडा बदलला, म्हणजे माउस चांगला बोटभर सरकल्याशिवाय काही उचललंच जाणार नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काय मागतायत ते मला कळत होतं.

"काय झालं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मशीनमध्ये दोष आहे," मी म्हटलं.

"गेली दोन वर्षं हेच ऐकतोय. मग हा माणूस बदला ना!"

जगताप सरांनी माझी अशी खरडपट्टी काढली की बाहेर पटांगणात कवायत करणारी पोरं थांबली. मी गाळ्यावर येण्याआधी ती गोष्ट बोर्लीच्या बाजारात पोचली होती. नरेश चाळक्याचं काम कच्चं, दहावीचे मार्क घालवले असते त्याने. पुढच्या महिन्यात आमच्या इथल्या पतपेढीने आपलं काम श्रीवर्धनच्या माणसाला दिलं. मग एका डॉक्टरांनीही दिलं. मला रात्री झोप लागेना, असं काही लिहीत नाही. झोप लागायची, दिवसभर दमायचो ना. पण सकाळी गाळ्याचं शटर वर करताना हात उचलायचा नाही.

एकदा मात्र मी बाईंकडे गेलो, शाळा सुटल्यावर, आणि सरळ म्हटलं, "बाई, आता सांगून टाकूया. अशा आजारात सवलत असते, हलकं काम मिळतं. कुणी तुम्हाला काढणार नाही."

बाई पर्स आवरत होत्या. त्या थांबल्या. "तुझं नुकसान होतंय, मला माहीत आहे."

"तसं नाही..."

"तसंच आहे. ऐक. मी इथं लागले त्या दिवशी याच खोलीत एक जण मला ऐकू जाईल असं बोलला, यांना टायपिंग कशाला यायला हवं, जागा राखीवच आहे. तो माणूस कधीच निवृत्त झाला. मी त्या दिवसापासून माझ्या कागदावर एक चूक येऊ दिलेली नाही. आता हाताचं सांगितलं तर हाताचं कोण ऐकणार? म्हणतील, बघा, आधीपासूनच जमत नव्हतं." मग पर्स बंद करून म्हणाल्या, "तुला सांगायचं असेल तर सांग. मी अडवणार नाही."

असं म्हटल्यावर कोण सांगणार? मी पिशवी उचलली आणि निघालो.

बाई निवृत्त झाल्या तो दिवस. दुपारनंतर निरोपसमारंभ होता. पटांगणात मांडव घातलेला, बौद्धवाडीतली झाडून सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून येऊन बसलेली. मला बोलावणं होतं ते समारंभाचं नव्हतं, नवीन क्लार्कला मशीन दाखवून द्यायचं होतं. हे सावंत म्हणून, दुसऱ्या शाळेतून बदलून आलेले. ऑफिसात बाई चार्ज रिपोर्टचं शेवटचं पान टाइप करत होत्या, म्हणजे काय काय नव्या माणसाच्या ताब्यात दिलं त्याचा कागद. जगताप सर बाईंना न्यायला आले होते आणि दत्तारामकाका हाराची पिशवी घेऊन उभे होते. बाईंनी सावंतांना म्हटलं, बघा जरा हात फिरवून, आणि त्या बाजूला झाल्या.

सावंतांनी माउस धरला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "हे काय? बाण मुंगीसारखा चालतोय. फाइल उचलतोय तर उचलली जात नाही. अहो, हे मशीन कुणी सांभाळलंय?"

"हा काय, समोर उभा आहे," जगताप सरांनी सवयीने सुरू केलं. "तीन वर्षं सांगतोय याला..."

"सर, त्याला बोलू नका," बाई म्हणाल्या.

सर थांबले.

"मशीन चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं. माझा हात थरथरतो. मला आजार आहे, तीन वर्षं झाली. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं."

मला वाटलं आता काहीतरी मोठं होणार. सर आश्चर्याने ओरडतील, काका हार खाली ठेवतील. तसं काहीच झालं नाही. सरांनी खाली बघितलं. दत्तारामकाकाच आधी बोलले, अगदी हळू.

"बाय, आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"हाताचं. मी तुमचा कप अर्दाच भरतो की चहाचा. सांडू नये म्हनून. तुमी कदी इचारलंत न्हाय, मी बोल्लो न्हाय."

बाईंनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "सगळ्यांनाच माहीत आहे, बाई. शिक्षकांनाही. एक अध्यक्ष सोडले तर सगळ्यांना. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं एवढंच आमचं ठरलं होतं."

मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला राग आला. मी म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत होतं, तर मला शिव्या कशाला?"

"अरे, अध्यक्षांसमोर काहीतरी कारण नको का? तू पहिल्याच दिवशी मशीन बिघडलंय म्हणालास, तेव्हाच मला कळलं की हा सांभाळून घेतोय. मग मीही तेच धरून बसलो. तू उलट बोलला असतास तर मी थांबलो असतो. तू एकदाही बोलला नाहीस, लेका." आणि मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला पुढचं वाक्य नीट बोलता येईना. "तुझं नुकसान झालं, ते मला दिसत होतं."

गेलेली गिऱ्हाइकं परत आली नाहीत, अजूनही आलेली नाहीत. पण त्या क्षणी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. बाईंना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. बरं कुठलं, त्यांचा चेहरा अगदी दहावीच्या गुणांच्या दिवसासारखा झाला होता.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझ्यावर दया करत होतात," त्या म्हणाल्या.

"बाई, तसं नाही..."

"मग मला एक सांगा. माझा हात चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे माझ्या मागे माझं काम कुणीतरी तपासत असणार. दाखले, निकाल, बोर्डाचे गुण. कोण तपासत होतं? नाव सांगा."

दत्तारामकाका पिशवीतल्या हाराकडे बघत राहिले. सावंत खुर्चीतून अर्धवट उठले, त्यांना काय चाललंय ते आता समजलं होतं. जगताप सर बाकावर बसले.

"मी तपासत होतो," सर म्हणाले. "खोटं बोलत नाही. कळल्यानंतर पहिले काही महिने, शाळा सुटल्यावर, तुम्ही गेल्यावर बसायचो. तुमचा एकेक कागद काढून बघायचो."

"आणि?"

"एक चूक सापडली नाही, बाई. मग तपासणं सोडून दिलं. चुका निघायच्या त्या माझ्याच पत्रांत, आणि त्या तुम्ही दुरुस्त करून माझ्यापुढे सहीला ठेवायचात."

बाहेर माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. बाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, त्यांनी थरथरू दिला.

"सावंत, जरा सरका," त्या म्हणाल्या. "माझी वेळ अजून संपलेली नाही. एवढं पान पुरं करते."

सावंत पटकन उठले. बाई बसल्या. या वेळी त्यांनी मनगट धरलं नाही. एक-एक अक्षर उमटत गेलं, कधी बोट चुकून दुसऱ्या अक्षरावर जायचं, मग त्या मागे येऊन ते पुसायच्या आणि बरोबर अक्षर दाबायच्या. बराच वेळ लागला. मांडवातून दोनदा निरोप आला, सरांनी हातानेच थांबायला सांगितलं. आम्ही चौघे तिथेच थांबलो आणि कुणीही नजर दुसरीकडे फिरवली नाही.

पान छापून बाहेर आलं. बाईंनी ते ओळीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि जगताप सरांपुढे धरलं.

"तपासून घ्या," त्या म्हणाल्या.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि न वाचता सही केली.